सारंगने सुचवलेले सिनेमे

६ जुलै २०२५, रविवार

सारंग सापडला!

म्हणजे तो हरवला नव्हताच. मेलबर्नमध्ये आहे, पत्ता माझ्याकडे आहे, नंबर आहे. पण फोन उचलत नाही, आणि मेसेजला 'ओके' किंवा 'बिझी' एवढंच येतं. माझा नवरा विश्वास गेल्याला येत्या नोव्हेंबरात दोन वर्षं होतील. तेव्हापासून माझ्या मुलाने मला एक पूर्ण वाक्य लिहिलेलं नाही.

आज वर उल्काकडे गेले होते. तिची श्रिया सोफ्यावर फोन बघत लोळत होती. सहज म्हणाली, "आंटी, सारंगची फिल्म लिस्ट बघता ना तुम्ही? दॅट गाय वॉचेस एव्हरीथिंग, लाह!"

मला कुठलं काय माहीत! पण म्हटलं, "हो हो, कधीकधी." उल्काने माझ्याकडे पाहिलं. 

मग श्रियानेच दाखवलं. एक साइट आहे. काय पाहिलं ते लोक लिहितात, याद्या करतात, पुढे काय बघू म्हणून एकमेकांना विचारतात. सारंगने तिथे नाव घेतलंय 'लास्ट रो'. फोटोच्या जागी रिकाम्या खुर्च्या. चारशे बारा सिनेमे! प्रत्येकाखाली चार-पाच ओळी.

घरी येऊन वाचत बसले. चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. किती बोलतो हा पोरगा! पूर्ण वाक्यांत!

८ जुलै, मंगळवार

ऑफिसला जाताना मेट्रोत, एमआरटीत, वाचते. जुरोंग ईस्टला बसायला मिळालं की पाया लेबारपर्यंत त्याचे दहा-बारा सिनेमे होतात. ऑफिसात कळतच नाही कधी पोचले ते.

१२ जुलै, शनिवार

खातं उघडलं. चोरी केल्यासारखं वाटलं.

नाव विचारतात. माझं कसं देणार? टेबलावरच्या कॅलेंडरवर या महिन्याला पुलाउ उबीन बेटाचा फोटो आहे — जेटी आणि होड्या. 'उबीन' टाकलं. झालं.

मग साइट म्हणते, तुमचे आवडते दहा सिनेमे निवडा. इथे जी अडले! दहा! मला कुठला सिनेमा आवडतो हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. लग्नाआधी अण्णा नेतील तो. लग्नानंतर विश्वास तिकिटं काढून आणेल तो. मग सारंगला हवा तो. मी मधल्या खुर्चीत, पॉपकॉर्न धरायला. आवडला का विचारलं तर 'छान होता'. सगळेच छान होते!

तासभर डोकं खाजवून तीन निघाले. एक इस्लामपूरला गणपतीत चादरीच्या पडद्यावर पाहिलेला — नावाड्याला रोज हाका मारणाऱ्या बाईचा. पडद्याच्या उलट्या बाजूला बसलो होतो, म्हणून सगळी माणसं डावखुरी! नाव आठवेना, तरी साइटवर शोधून काढला. दुसरा तो भाडेकरूंच्या भांडणाचा, विश्वासबरोबर लग्नानंतरचा पहिला. हसून पोटात दुखलं होतं. तिसरा एका कासवाचा कार्टून सिनेमा. सारंग चार वर्षांचा असताना आम्ही तो वीसेक वेळा पाहिला असेल.

कासव काढून टाकलं. ओळखेल.

दोनच राहिले.

१३ जुलै, रविवार

विचारणा करायच्या पानावर लिहिलं, "मी सत्तावन्न वर्षांची व्यक्ती. आवडते सिनेमे दोनच. काय बघू?"

सगळ्यांना उद्देशून लिहिलं. खोटं आहे. एकासाठीच लिहिलं.

१५ जुलै, मंगळवार

नऊ जणांची उत्तरं. तो नाही.

१६ जुलै, बुधवार

आला! आला!

"उबीन, चारशे सिनेमे पाहिलेला माणूस थापाड्या असतो. दोन आवडणारा खरा असावा. आधी हे सांगा, रडवणारे चालतील का?"

इंग्रजीत आहे, पण मला ते मराठीतच ऐकू येतं. त्याच्या 'यू'चं मी 'तुम्ही' करते. परक्या मोठ्या माणसाला तो तुम्हीच म्हणेल, तसं शिकवलंय मी त्याला. माझा मुलगा मला अहो-जाहो करतोय!

"चालतील," लिहिलं. आणि खुर्चीतून उठून उभीच राहिले. शेजारच्या टेबलावरची पेई लिंग म्हणाली, "साधना, यू ओके?" तिलाही विचारून टाकलं, काय बघू म्हणून. चाळीस भागांची कोरियन मालिका सांगितली तिने! चाळीस!

२० जुलै, रविवार

त्याने सुचवलेला पहिला पाहिला. दोन बहिणी, आई वारल्यावर एका दिवसात घरातली भांडी वाटून घेतात. एवढंच. कोणी रडत नाही, कोणी ओरडत नाही. दीड तास भांडी!

आणि मी इथे हमसून हमसून.

त्याला लिहायला घेतलं, "छान होता." खोडलं. छान नव्हता. काय होता मग?  शेवटी जे वाटलं ते लिहिलं — की थोरलीने तडा गेलेली लोणच्याची बरणी स्वतःकडे ठेवली आणि धाकटीला वाटलं तिने चांगलीच उचलली, याचा मला फार राग आला. तडा गेलाय हे सांगायला तोंड उघडायचं ना बाईने!

२२ जुलै, मंगळवार

"उबीन, बरणीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. तुमच्यामुळे काल पुन्हा पाहिला. बरोबर आहे तुमचं. सगळा सिनेमा त्या बरणीतच आहे."

माझं बरोबर आहे! माझ्यामुळे पुन्हा पाहिला!

स्टेशनवर उतरायचं राहिलं. पुढच्या स्टेशनवरून परत आले.

३ ऑगस्ट, रविवार

यादीत आता पाच. भांडीवाला. तैवानचा लिफ्टमनचा. आणि एक तुर्कस्तानचा, ज्यात म्हातारा न्हावी वैऱ्याची शेवटची दाढी करतो. हा सारंगला आवडला त्याहून मला जास्त आवडला. तसं लिहिलं. भांडला माझ्याशी! तीन लांब लांब मेसेज! शेवट ढिला आहे म्हणतो. मी म्हटलं, शेवट ढिला नाही, तुम्ही तरुण आहात.

"हाहा. हे मान्य."

माझ्या मुलाला मी हसवलं.

९ ऑगस्ट, शनिवार

नॅशनल डे. खिडकीतून विमानं गेली. त्याचा मेसेज — "आज परेड असेल ना? मीही तिथलाच. तुम्ही खरंच उबीनला राहता?"

घाबरून लिहिलं, "नाही, शनिवार-रविवारी जाते सायकल चालवायला." मला सायकल येत नाही! आयुष्यात कधी आली नाही!

१७ ऑगस्ट, रविवार

आज खरंच उबीनला जाऊन आले. म्हटलं, निदान थोडं तरी खरं असू दे.

दीड तास चांगीपर्यंत, मग बमबोट. बारा माणसं जमल्याशिवाय होडी सुटत नाही. होडीवाल्या काकांनी मला बोट दाखवून मोजलं, बारावी. तिथे चांगली गुलाबी सायकल भाड्याने घेतली आणि हातात धरून चालले. दोनदा बसून पाहिलं. दोन्ही वेळा गवतात. जुन्या घरांच्या ओट्यावर एक आजी शहाळी विकत होती, माझी मजा बघून हसत होती. एक रानडुक्कर आपल्या पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडून गेलं. ऊन मरणाचं. पण बरं वाटलं. किती महिन्यांनी ऑफिस आणि घर सोडून कुठे गेले.

त्याला डुकरिणीचं लिहिलं. उत्तर आलं —

"लहानपणी एकदा आम्ही तिघं गेलो होतो. बाबांच्या सायकलची चेन पडली, ते ग्रीसने काळे झाले, आम्ही दोघं खूप हसलो. आई दिवसभर फोनवर होती. परतताना रडत होती, कशामुळे ते आम्ही विचारलं नाही."

मला आठवतच नव्हतं. परतीच्या बसमध्ये आठवलं. त्या दिवशी इस्लामपूरहून फोन आला होता, अण्णांना अॅडमिट केल्याचा. सारंगला काय सांगायचं, लहान आहे, सहलीचा दिवस आहे, म्हणून बोलले नव्हते. विश्वासलाही घरी आल्यावर सांगितलं.

१४ सप्टेंबर, रविवार

आज लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

त्याच्या जुन्या नोंदी वाचत मागे मागे गेले. गेल्या वर्षीची एक नोंद. सिनेमा हॉस्पिटलचा. बाप आत आहे आणि मुलाला बाहेर वॉचमनपाशी बसवलंय. खाली सारंगने लिहिलंय —

"आमच्या घरीही असंच होतं. बाबा कुठेत? वॉकला गेलेत. सात आठवडे माझे बाबा वॉकला गेले होते. मग एका दुपारी आईचा फोन आला. पहिला प्रश्न — पेपर कसा गेला?"

खरं आहे. शब्दन् शब्द खरं आहे.

विश्वासचं निदान झालं सप्टेंबरच्या विसाव्या तारखेला. स्वादुपिंड. डॉक्टर म्हणाल्या, महिने नका मोजू. सारंगची शेवटच्या वर्षाची परीक्षा नोव्हेंबरात. आम्ही दोघांनी ठरवलं, परीक्षेनंतर सांगू. नाही. मी ठरवलं. विश्वासने डोळे मिटून घेतले, मी तो होकार धरला.

व्हिडिओ कॉल आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उचलायचे. बाबा झोपलेत. बाबा आंघोळीला गेलेत. बाबा वॉकला गेलेत. आवाज ऐकव म्हणाला तर विश्वासला पाणी पाजून, उशीला टेकवून, दोन मिनिटं बोलायला लावायचे.

९ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. मेलबर्नला तेव्हा एक वाजला होता आणि सारंगचा शेवटचा पेपर दोनला. पाचला सुटणार, म्हणजे आमचे दोन. मी विश्वासच्या शेजारी खुर्चीत बसून राहिले. उल्का होती. ती म्हणाली, "कळव ग त्याला." मी म्हटलं, "पेपर होऊ दे." चार तास फोन मांडीवर घेऊन बसले. मला वाटत होतं मी त्याच्यासाठी काहीतरी मोठं धरून ठेवलंय.

आणि त्याने "हॅलो आई" म्हटल्यावर तोंडातून तेच निघालं. पेपर कसा गेला?

दुसऱ्या दिवशी तो आला. मंडाईच्या स्मशानात सगळं व्यवस्थित केलं. तेरा दिवस राहिला. माझ्याशी बोलला नाही. जाताना दारात म्हणाला, "तू ठरवलंस. सगळ्यांच्या वतीने तूच ठरवलंस." लिफ्ट आली.

१५ सप्टेंबर, सोमवार

रजा टाकली.

२८ सप्टेंबर, रविवार

परवा त्याचा मेसेज होता, "उबीन, रविवारी मी माझा सगळ्यात आवडता पुन्हा बघणार आहे. तुमच्या दोन वाजता लावा. एकाच वेळी बघू."

सकाळी साबुदाण्याची खिचडी केली. पडदे ओढले. चांगली साडी नेसले! वेडेपणा! दोन वाजता दोघांनी सुरू केला.

डोंगरातल्या शाळेतला मास्तर, बदलीचा शेवटचा दिवस. विशेष काही घडतच नाही. मुलं हजेरी देतात. घंटा होते. सोफ्यावर विश्वासची जागा मी रिकामी ठेवली होती आणि सारंगची डावीकडची. मधे मी.

मधूनच त्याचा मेसेज — "आता खिडकीबाहेर बघा."

बघितलं. एक मुलगी बाहेर उभी राहून आत ऐकत होती.

"माझी आई असती तर एव्हाना दहा प्रश्न विचारून झाले असते. हा कोण, ती कोण, आता काय होणार."

मी लिहिलं, "मग?"

"बाबा आणि मी वैतागायचो. शूऽऽ म्हणायचो. आता शांततेत बघतो तर अर्धा सिनेमा कळत नाही."

मी फोन उलटा ठेवला. तोंडात पदर कोंबला. पडद्यावर मास्तर फळा पुसत होता आणि मला मोठ्याने विचारायचं होतं — ती मुलगी कोण रे? ती आत का नाही येत?

तासाभराने त्याने विचारलं, "आवडला?"

"यादीत टाकला," लिहिलं. आठवा.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज विचारलं. धीर करून. "असा सिनेमा आहे का, ज्यात शेवटपर्यंत माफी मिळत नाही?"

"आहेत. पण ते मी एकट्या माणसाला सुचवत नाही."

मी एकटी आहे हे मी त्याला कधी सांगितलं?

१२ ऑक्टोबर, रविवार

उल्काला सांगून टाकलं. खाली हॉकर सेंटरच्या स्टॉलवर, कोपी म्हणजे इथली कॉफी घेताना. सगळं — उबीन, बरणी, खिचडी. मला वाटलं हसेल. डोळ्यांत पाणी येईल तिच्या.

तिने कप खाली ठेवला. "साधना, तू पुन्हा तेच करतेयस."

"काय तेच?"

"त्याच्यापासून लपवतेयस. त्याच्या भल्यासाठी."

मी चिडले. म्हटलं, "तो बोलतोय माझ्याशी! तीन महिने बोलतोय. तुझी श्रिया रोज तुझ्यासमोर बसते, तुला नाही कळायचं."

"तुझ्याशी नाही ग बोलत तो. त्या उबीनशी बोलतोय. त्याला वाटतंय एक परका माणूस आपल्याला समजून घेतो. उद्या कळलं की तीही आईच होती, तर काय राहील त्याच्याकडे?"

कोपी तशीच टाकून वर आले. लिफ्टमध्ये एकटी बडबडत होते. तिला काय जातंय बोलायला!

१३ ऑक्टोबर, सोमवार

तिचं बरोबर आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. सुट्टी. सकाळी माझ्या नंबरवरून सारंगला पाठवलं, "दिवाळीच्या खूप खूप शुभेच्छा बाळा. अभ्यंगस्नान केलंस का?"

"सेम टू यू."

दुपारी उबीनला त्याचा मेसेज. लांबलचक. आज आमची दिवाळी असते, इथे कोणाला पत्ता नाही, बसस्टॉपवर एकटाच हसत होतो. लहानपणी पहाटे उठवून उटणं लावायचे, मी किंचाळायचो. चकली करून पाहिली, तेलात विरघळली! तुमच्याकडे दिवाळी करतात का? काही असो, हॅपी दिवाळी, उबीन. या वर्षी तुम्ही भेटलात हे चांगलं झालं.

दोन्ही मेसेज शेजारी शेजारी ठेवून बघत राहिले. मोहन घालायचं विसरला असेल. कडकडीत तेल पिठात नाही घातलं की... नाही, मोहन जास्त झालं की चकली विरघळते. हे त्याला सांगायची चोरी! उबीनला चकली कुठून माहीत असणार.

आता पुरे.

२६ ऑक्टोबर, रविवार

पाठवलं.

सहा वेळा लिहिलं, सहा वेळा खोडलं. आधी कारणं होती, मग क्षमा होती, मग विश्वासचं नाव सारखं येत होतं. शेवटी राहिलं ते एवढं —

"सारंग, मी आई. उबीन मीच. श्रियाने तुझी यादी दाखवली, तेव्हापासून. तू बोलतोस ते ऐकायचं होतं, दुसरा रस्ता सुचला नाही. हे मी पुन्हा तुझ्यापासून लपवलं. तेव्हाही मीच लपवलं. बाबांनी होकार दिला नव्हता, मी धरला. मला त्या दिवशी पेपरचं विचारायचं नव्हतं. काय बोलायचं ते कळेना म्हणून तोंडातून ते निघालं. मी सिनेमांबद्दल जे लिहिलं त्यात एकही शब्द खोटा नाही. सायकल मात्र येत नाही."

बोट सोडल्यावर मेसेज गेला. परत घेता येतो का बघितलं. येत नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

त्याने वाचलंय. खाली तशी खूण येते.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

काही नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी त्याचं पान उघडायला गेले तर पानच नाही. पुन्हा शोधलं. 'लास्ट रो' असं कोणी नाही म्हणे. मला वाटलं माझंच काही चुकतंय. वर गेले, श्रियाला म्हटलं बघ ग. तिने तिच्या खात्यातून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आंटी, ही डिलीटेड हिज अकाउंट."

चारशेच्या वर सिनेमे. सगळ्या ओळी. वॉचमनपाशी बसलेल्या मुलाखालची ओळ. भांडीवाल्याखालची, जिथे त्याने नंतर बरणीबद्दल दोन वाक्यं वाढवली होती.

या दोन वर्षांत त्याने स्वतःसाठी एक जागा केली होती. मनातलं बोलायची. मी मागच्या दाराने तिथे शिरले आणि तीही घालवली त्याची.

उल्का खाली आली. भाकरी-पिठलं घेऊन. "मी म्हटलं म्हणून केलंस का ग?" विचारत होती सारखी. "नाही," म्हटलं. "तू नसतं म्हटलंस तरी करायला हवं होतं."  पिठलं चांगलं झालं होतं. खाल्लं. खाता येतं, हे एक आश्चर्यच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

यादी माझ्या खात्यात आहे अजून. नऊ सिनेमे. दहाव्याची जागा साइट रिकामी दाखवते, वर अधिकचं चिन्ह. कोणी एक जण विचारतोय, "उबीन, तुमची यादी फार सुंदर आहे. मला काय सुचवाल?"

उत्तर दिलं नाही. मला सुचवायला कुठे येतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पेई लिंगची मालिका लावली. तिसऱ्या भागात झोपले.

९ नोव्हेंबर, रविवार

दोन वर्षं.

सकाळी विश्वासच्या फोटोला हार घातला. उल्का आणि श्रिया आल्या होत्या. श्रियाने स्वतःहून नमस्कार केला, वाकून. दहा वाजून दहा मिनिटांनी मी घड्याळ बघितलं नाही असं दाखवलं. त्या दोघींनीही.

त्या गेल्यावर विश्वासला म्हटलं, तुझा मुलगा माझ्याशी छान भांडला रे, तीन-चार महिने. न्हाव्याच्या दाढीवरून! तुला सांगायचं राहिलं.

सारंगला मेसेज केला नाही. काय लिहिणार? त्याला आजची तारीख मी सांगायला नको.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी एमआरटीत मेसेज आला. माझ्या नंबरवर. मराठीत, इंग्रजी अक्षरांत, चुका करत लिहिलेला. दोनदा वाचला तेव्हा लागला. आपल्या अक्षरांत, नीट करून उतरवते.

"आई, बाबांनी मला फोन केला होता. तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा. २८ ऑक्टोबर. सगळं सांगितलं. म्हणाले, आईला कळू देऊ नको तुला माहितेय ते, ती कोसळेल. यायचं का ते तू ठरव. मी ठरवलं, पेपर देऊन येतो. वाटलं वेळ आहे. ९ तारखेला तू फोन केलास तेव्हा मला रिंगवरच कळलं. तुझ्यावर रागावलो, कारण मग स्वतःवर रागवावं लागलं नाही. तो पेपर मी कोराच दिला होता आई."

मधेच क्लेमेंटीला उतरले. प्लॅटफॉर्मवरूनच फोन लावला. त्याने पहिल्या रिंगला उचलला.